पोरीच्या हाटेलात बसून मी खोटं बोललो

माझा बाप आचारी हुता, लग्नाकार्याचा हजार पानांचा स्वैपाक करायचा, आन नैवेद्याआधी अन्न उष्टं करायचं न्हाई म्हणून नुसती वाफ हुंगून मीठ सांगायचा, कधी चुकला न्हाई. पण काय सांगू तुमाला, सगळ्या पंगती उठल्या की मांडवामागं चुलीपाशी जेवायचा, आन मला शाळेत आचाऱ्याचा म्हणायचे, नावानं कुणी हाक मारली न्हाई. तेवढ्यासाठी मी श्रीगोंद्याला साखर कारखान्यात फिटर झालो, भांड्याला हात लावला न्हाई.

आन पोरगी, मनीषा, निघाली आज्याच्याच वळणावर. पुण्यात शिकली, एका जपानी माणसाच्या हाताखाली राबली, मग नगरला सावेडीच्या एका गल्लीत तिनं हाटेल काढलं, एवढंसं, आठ माणसं बसली की संपलं, सगळी एकाच लांब फळीला, आन ती समोरच रांधून वाढती. जपानी आन फ्रेंच मिळून काहीतरी करती. आन मी बाप, गावात सांगत सुटलो, पोरगी बँकेत हाय. दोन वर्षं सांगितलं. बायको म्हणायची, आवो, कशाला? तिच्यावर खेकसायचो.

शेवटी मनीषाच म्हणाली, आप्पा, एकदा तरी जेवायला या. त्या दिवशी साडूचं नगरला कोर्टाचं काम हुतं, त्याच्या गाडीतनं गेलो, म्हणालो कोपऱ्यावर सोडा मला, तर हा बागायतदार साडू माझ्यामागं आतच आला.

तिनं कांदा लोण्यात परतून परतून तांबूस केला हुता, फ्रेंच लोक करतात तसा, आन त्याच्या रश्श्यात मिसो, म्हंजी जपान्यांची आंबवलेल्या सोयाबीनची चटणी. वाढायच्या आधी पातेल्यावर वाकली, वाफ हुंगली, चिमूटभर मीठ टाकलं. काटा आला वो अंगावर. माझा बाप उभा हुता तिथं.

साडू मोठ्यानं म्हणाला, काय पाव्हणं, बँकेत कांदा कवापासून परतायला लागले? फळीवरची माणसं हसली. आन मी, ह्या तोंडानं, म्हणालो, न्हाई वो, हाटेल मैत्रिणीचं हाय, ही सुट्टीची येती हौस म्हणून.

वाडगं हातात घेऊन ती समोरच उभी. हळूच माझ्यापुढं ठेवलं आन कामाच्या बाईला म्हणाली, मावशी, ह्या दोघांचं झालं की जागा पुसून घ्या.

ह्या दोघांचं. आप्पा म्हणाली न्हाई.

मी खाल्लं. तसं उभ्या जन्मात खाल्लं न्हवतं, आन मान वर न करता वाडगं रिकामं केलं. भाईर आल्यावर साडू म्हणतो, चला, आता कुठंतरी मिसळ खाऊ, पोट कुठं भरलंय! मी त्याची कॉलर धरली, भर रस्त्यात, लोक जमले. पण त्याला धरून काय उपेग, त्यो बोलला ते खरं हुतं, खोटं मी बोललो. अजून राग जात न्हाई माझा, दाढी करताना आरशात थोबाड दिसलं की आरसाच पालथा करतो.

आता कारखान्याच्या कँटीनमदी बोंबलून सांगतो, माझी पोरगी आचारी हाय, आचाऱ्याची नात हाय, कुणाला हसायचंय त्यानं हसावं. सांगायला उशीर केला. दर आठवड्याला फोन लावतो, मनीषा, जागा हाय का गं एक? ती म्हणती, भरलंय. आन ठेवून देती. रोजच्या रोज कुठलं भरतंय, मला काय कळत न्हाई व्हय? पण देवाला एवढंच म्हणतो, बाबा, तिनं मला सांगितलेलं हे एक खोटं तेवढं खरं कर.