चुडामणदादांच्या तसबिरीवरचा पडदा

आजच्या सभेचे अध्यक्ष श्रीमान रूपचंदभाऊ, प्रमुख पाहुणे मामलेदारसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले आमच्या गावचे पंच, लांबून आलेले सोयरेधायरे, आणि शाळेच्या अंगणात बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

माझे थोरले बंधू चुडामणदादा यांना जाऊन आज वर्ष झालं. गावाने त्यांची तसबीर शाळेत लावायचं ठरवलं, आणि कुटुंबातर्फे आभार मानायला मला, त्यांच्या धाकट्या भावाला, मगन मास्तरला, उभं केलं. माझ्याआधी तीन वक्ते बोलले. एकाने दादाला गावाचा आधार म्हटलं, दुसऱ्याने दीनांचा कैवारी. अध्यक्षमहाराज तर म्हणाले, ‘चुडामण आणि मी जन्मभर एका ताटात जेवलो.’ हे ऐकून मी खाली बसलेल्या भिकुवहिनींकडे पाहिलं. चाळीस वर्षं दादाचं ताट त्यांनीच वाढलं. रूपचंदभाऊ त्या ताटावर कधी येऊन बसले, हे वहिनींना काही आठवेना.

मामलेदारसाहेब, आपण पाहुणे. आपल्याला माहीत नाही. गावाला माहीत आहे, पण गाव विसरलं आहे. म्हणून सांगतो.

एकोणीसशे अठरा साली मानमोडीच्या तापाची साथ आली. आश्विनाचे दिवस होते. अर्धं गाव मळ्यांत राहायला गेलेलं. एका सकाळी नाल्यापलीकडच्या भिल्लवस्तीतला आपला जागल्या, जान्या, चावडीपुढे येऊन उभा राहिला. उभा कसला, खांबाला धरून होता. चार झोपड्यांत चार प्रेतं होती, त्यांत त्याची बायको. उचलायला कुणी धडधाकट उरलं नव्हतं. त्याने काय मागितलं? एक बैलगाडी. ज्या माणसाने वीस वर्षं गावाची राखण केली, त्याने गावाकडे अर्ध्या दिवसापुरती एक गाडी मागितली.

तेव्हाचे पाटील म्हणजे आजचे अध्यक्ष. दादा गाडी जुंपायला निघाला, तसे ते म्हणाले, “चुडामण, गाडी बाटी जाई. भिल्लेस्नं भिल्ल देखी लेतीन.”

दादा म्हणाला, “तठे देखाले उभा कोन शे?”

एवढंच. नंतर त्याने सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली ती पांढरी बैलजोडी जुंपली आणि गेला. एकट्याने चार खड्डे खणले, चौघांना माती दिली. तिसऱ्या दिवशी जान्याही गेला. पाचवा खड्डाही दादानेच खणला. परतताना त्याच्या धोतराच्या ओच्यात जान्याची पाच महिन्यांची लेक होती.

वहिनींच्या अंगावर तेव्हा त्यांची शांती पीत होती. माझी आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, “कोन्या जातनी पोर घरमां आनी ऱ्हायना तू?” वहिनींनी दादाच्या हातून पोर घेतली, पदराआड केली आणि म्हणाल्या, “भुकी शे. जात मंग इचारसू.”

ती पोर म्हणजे काली.

मग पंच बसले, एकदा नाही, तीन वेळा. किती तत्परता! प्रेतं उचलायला ज्यांच्या अंगात ताप होता, ते सगळे निवाड्याला ठणठणीत हजर झाले. दादाने मुंडण करावं, देवळापुढे पंचांच्या पाया पडावं, आणि पोर वस्तीत सोडून यावी. दादाने विचारलं, “वस्तीमां कोनाकडे सोडू?” तेव्हा पंचांनी त्याला वाळीत टाकलं. गावची विहीर बंद, न्हावी बंद, लग्नाचं आमंत्रण बंद. वहिनी पाऊण कोसावरच्या नाल्यात झिरा उकरून वाटी-वाटीने घागर भरू लागल्या.

आता व्यासपीठावरचे बरेच जण आपल्या जोड्यांकडे बघत आहेत. त्यांना एकटं वाटू नये म्हणून माझंही सांगतो. माझं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, भावाशी संबंध तोडा. मी तोडला. मी, शिकलेला माणूस, पोरांना ‘नेहमी खरे बोलावे’ हा धडा देणारा मास्तर! घराच्या मधोमध मी कूड घातला. माझी वरात निघाली तेव्हा दादा वेशीबाहेर उभा होता. त्याने हात वर केला. मी घोड्यावरून मान फिरवली. ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याच्याकडे मी पाहिलं नाही. भित्रेपणाचं बक्षीस कुणी ठेवलं असतं, तर त्या वर्षी ते माझ्याच घरी आलं असतं.

दादाने मग आपल्या शेतात विहीर खणली. वस्तीतली उरलेली माणसं मदतीला आली. दोन उन्हाळे गेले, खडक लागला, लोक हसले. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं.

कालीला नववं वर्ष होतं, तेव्हा पाऊस पडला नाही. गावच्या विहिरीत चिखल उरला, नाला कोरडा पडला. मग कोण आलं दादाच्या विहिरीवर? पहिली घागर पाटलांच्या वाड्यातून आली. मागोमाग पंचांच्या आल्या. माझीही होती. काली पोहरा ओढत होती. एका पंचाने तिला बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, “पहिले तिले भरू द्या. मंग तुम्हीन भरा.”

आणि भरलं हो सगळ्यांनी! तिच्या हातचा दोर, तिच्या हातचा पोहरा, आणि पाणी गोड लागलं. वाळीत टाकायला पंच तीन वेळा बसले होते. परत घ्यायला एकदाही बसले नाहीत. बहिष्कार आपोआप संपला, कारण तहान लागली होती.

त्या उन्हाळ्यात मी कूड पाडला. दादाने हातभार लावला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे शांतीचं आणि कालीचं लग्न एकाच मांडवात झालं. शांती सारंगखेड्याला गेली, काली काठी गावी डोंगरसिंगच्या घरी. दोघींचं कन्यादान दादाने केलं. शेवटच्या आजारात दोन महिने उशापायथ्याशी होती ती काली. ‘जन्मभर एका ताटात’ जेवणारे बाराव्याला आले. जेवून गेले.

या समारंभाच्या पत्रिकेत दादाच्या नातवंडांची, जावयांची, माझ्या मेहुण्याचीसुद्धा नावं छापली आहेत. कालीचं नाव नाही. मी पत्रिका छापणाऱ्या मंडळाला विचारलं, तर उत्तर मिळालं, “मास्तर, तिले बलाव्हं तं बसाडसूत कोठे?”

म्हणून मीच तिला घेऊन आलो. ती वहिनींच्या शेजारी बसली आहे.

मामलेदारसाहेब, तसबिरीचा पडदा आपल्या हस्ते दूर व्हायचा आहे. आपला अनादर नाही, पण तसबीर कुटुंबाने दिली आहे आणि कुटुंबाची इच्छा आहे की पडदा दादाच्या थोरल्या लेकीने काढावा. थोरली कालीच. शांतीहून ती महिन्याने मोठी. कुणाला हे रुचत नसेल तर स्पष्ट सांगा, मी तसबीर काखेत मारून घरी नेतो. दादाला गावाबाहेर राहायची सवय आहे.

आपण एवढा वेळ ऐकून घेतलंत, बसायला जागा दिलीत, हार आणलेत, त्याबद्दल कुटुंबातर्फे सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही कठोर गेलं असेल तर वयाकडे पाहून सोडून द्या. जे बोलायला मला तीस वर्षं लागली, त्याची क्षमा ज्याच्याकडे मागायची तो मात्र उरला नाही.

वहिनी, तिला घेऊन या. रूपचंदभाऊ, तुमची खुर्ची जरा मागे घ्या. बाईमाणसाला वाट द्या.