हलका हात

नरहर : तर ते सारंगीवाले खाँसाहेब गेले लाहोरला, आणि त्यांचा धाकटा भाऊ इथेच राहिला. तो आता लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकतो. घराणं कुठलं म्हणून विचारलं तर दुसरंच काहीतरी सांगतो बिचारा. अहो, तुम्ही उभ्या का बाई? बसा त्या चटईवर. तारेचे बारीक तुकडे पडलेले असतात, तेवढे बघून बसा.

शशिकला : बसते. काका, मला तुमच्याशी थोडं बोलायचं होतं.

नरहर : बोला की. इथे लोक बोलायलाच येतात, तार हा नुसता बहाणा. अख्ख्या भोपाळात कोण वाजवणारा कुठे गेला, कोणाचं बरं चाललंय, कोणी वाद्य खुंटीला टांगलं, सगळी खबर नरहर मिरजकराच्या दुकानात मिळते. नवाबी गेली तेव्हा दरबारचे वाजवणारे एकेक करून इथूनच तारा घेऊन निघाले. जाताना म्हणायचे, नरहरभाई, याद ठेवा. ठेवली. तारेची मागणी आली की समजायचं माणूस वाजवतोय. यायची बंद झाली की मी आपला त्याच्या नावानं एक उसासा टाकतो आणि तार वळायचं चाक फिरवायला बसतो.

शशिकला : आता पुष्कळ नवे लोक आले असतील ना गावात?

नरहर : आले की. राजधानी झाली ना. नागपूरची कारकून मंडळी फायलींसकट इकडे आली, तिकडे क्वार्टरं बांधणं चाललंय, आणि त्यांच्या मुलींना गिटार शिकायची आहे. मांडीवर आडवी ठेवून, लोखंडी गज घासून वाजवायची. विलायती तारा मिळेनाशा झाल्या, म्हणून म्हाताऱ्याची आठवण. शिवाय रेडिओ स्टेशन उघडलंय. पूर्वी गवई नवाबसाहेबांची मर्जी बघायचे, आता स्टेशनच्या फाटकाशी बसतात. फरक इतकाच की नवाबसाहेब आत बोलवायचे तेव्हा पान तरी द्यायचे. तुम्ही नागपूरच्याच का?

शशिकला : नाही. मुंबईहून आले. आज सकाळीच उतरले.

नरहर : मुंबईहून? आणि स्टेशनवरून सरळ इथे? मग चहा झाला नसेल. सांगतो आत.

शशिकला : नको, राहू दे. आधी हे बघा. या तारा परत आणल्यात.

नरहर : द्या इकडे. काय आहे, जुनी तार पाहिल्याशिवाय मी नवी देत नाही. गज कुठे घासतो, किती दाबतो, ते जुन्या तारेवर उमटतं, त्यावरून मला... थांबा. हा शेवटचा वेढा माझा आहे. या जाडीच्या तारा मी मुंबईत एकालाच पाठवतो.

शशिकला : हो.

नरहर : म्हणजे बाळूचा निरोप पोचला. बाई, तुम्ही आधी सांगायचं नाही का? मी आपला गावच्या गोष्टी सांगत बसलोय. हा बाळू आमच्या माडीवर राहतो, सचिवालयात कारकून आहे. बहिणीच्या लग्नाला मुंबईला निघाला तेव्हा मी म्हटलं, एवढं काम कर. आमच्या मुलाच्या, विश्वासच्या चाळीत जा आणि सांग की आप्पांनी बोलावलंय. इथल्या स्टेशनला गिटारवाला हवा आहे. मी तिथल्या साहेबांच्या कानावर घातलंय, येत्या गुरुवारी वाजवून दाखवायला बोलावलंय. बाळू गेला तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, इथे गिटारचा क्लास चालतो, संध्याकाळी या. त्याला कुठली सवड, निरोप शेजारणीजवळ देऊन आला. पण क्लास चालतो हे ऐकून बरं वाटलं. तुम्ही त्याच क्लासातल्या?

शशिकला : मी तिथेच राहते.

नरहर : हां, शेजारी. बरं केलंत शिकताय ते. मी जास्त विचारत नाही, कपाळ बघून समजलो. एकट्या बाईला हातात काहीतरी असावं. पण तो स्वतः का आला नाही? मुहूर्त बघतोय की अजून रुसलाय?

शशिकला : काका, जरा माझं ऐकता का?

नरहर : ऐकतो ना. पण त्यानं तुम्हाला आमचं भांडण सांगितलंय की नाही, ते मला कसं कळणार? आधी माझी बाजू ऐका, मग तिकडे जाऊन काय ते सांगा. मला वाटायचं, पोरानं सतार धरावी. इतक्या लोकांच्या सतारींना मी तारा चढवल्या, एक आपल्या घरात वाजावी. त्याला ती गिटार आवडली. मी म्हटलं, ही विलायती पेटी माझ्या छपराखाली वाजणार नाही. तो म्हणाला, मग मी छपराबाहेर वाजवतो. आणि गेला. बापाचाच हट्ट उचललेला, दुसरं काय. पत्र नाही, काही नाही. मग एक दिवस पुडकं आलं. आत तुटलेल्या, घासलेल्या गिटारच्या तारा. नुसत्या तारा. चिठीचं नाव नाही.

शशिकला : मग तुम्ही नव्या करून पाठवल्यात.

नरहर : मग काय करणार? मीही चिठी लिहिली नाही. तो जुन्या पाठवायचा, मी नव्या. असंच चाललं. पण त्या तारांवर त्याचा राग दिसायचा हो. गज असा दाबायचा की वरची तांब्याची तार चपटी व्हायची. बायको विचारायची, कसा आहे? मी म्हणायचो, तब्येत ठणठणीत आहे, राग अजून आहे.

शशिकला : आणि मग तुम्ही तिळगूळ पाठवलात.

नरहर : ते तुम्हाला कसं ठाऊक? बायकोलासुद्धा मी सांगितलेलं नाही. गेल्याच्या गेल्या संक्रांतीला तिनं वाटायला केला होता, त्यातला चिमूटभर पुडीत बांधून तारांच्या वेटोळ्यात घातला. गोड बोल म्हणायला मला तोंड नव्हतं, म्हणून आपला तिळगूळच पाठवला. आणि काय सांगू, पुढच्या खेपेला तारा आल्या त्या कशा? नुसती झिलई. चपटेपणा कुठे नाही. गज अलगद फिरलेला. मी उजेडात धरून कितीदा तरी पाहिलं. आज तुम्ही आणल्यात त्याही तशाच, बघा. हात हलका झालाय. म्हणजे राग गेला. मी गावभर सांगितलं, येईल त्याला सांगितलं, की आमचा विश्वास निवळला. म्हणून तर आज बोलवायची हिंमत झाली. तुम्ही रडताय का?

शशिकला : तो माझा हात आहे.

नरहर : म्हणजे?

शशिकला : या तारा मी वाजवल्यात. तिळगुळानंतर आल्या त्या सगळ्याच. क्लासही आता मीच चालवते.

नरहर : तुम्ही? आणि विश्वास मग काय वाजवतो?

शशिकला : माझं नाव शशिकला. मी विश्वासची बायको आहे.

नरहर : बायको. लग्न केलं त्यानं. आम्हाला कळवलं नाही, ठीक आहे, तेवढा राग... पण तुम्ही त्याची बायको, आणि तुमच्या कपाळावर...

शशिकला : हो, आप्पा.

नरहर : नाही. थांबा जरा. बोलू नका. हे चाक आधी थांबवतो.

शशिकला : थांबलेलंच आहे ते.

नरहर : कधी?

शशिकला : त्याच संक्रांतीनंतर. मुंबईत मोर्चे, दगडफेक, कर्फ्यू चाललेला. हे स्टुडिओत वाजवायला जायचे, पण रेकॉर्डिंग रद्द झालं म्हणून घरीच होते. पोटात दुखायला लागलं. आम्हाला वाटलं, काहीतरी बाधलं. ओवा दिला, शेकलं. रात्री ताप चढला. चाळीतल्या मुलांनी खाटेवर घालून खाली उतरवलं, पण रस्ते बंद, गाडी मिळेना. दवाखान्यात पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. दोन दिवस शुद्धीत होते. बोलतही होते.

नरहर : काय बोलला?

शशिकला : माझ्याशी बोलले. गिटार दमट जागी ठेवू नकोस म्हणाले. आणि आईच्या हातची आमटी कशी असते ते सांगत होते. मी खोटं सांगणार नाही आप्पा, तेव्हा त्यांनी तुमचं नाव काढलं नाही.

नरहर : का काढावं? मी काय केलं होतं असं?

शशिकला : पण एरवी काढायचे. नव्या तारा चढवल्या की पहिल्या दिवशी शिष्यांना हात लावू देत नसत. स्वतः एकटे वाजवत बसायचे. मला म्हणायचे, आप्पांना बोलता येत नाही, पण बघ, तार काय लावलीय. कोणी मुंबईची तार आणली तर परत पाठवायचे.

नरहर : तिळगूळ त्याला मिळाला का?

शशिकला : नाही. पुडकं नंतर आलं. कर्फ्यूत टपाल अडकलं होतं. दिवस झाले, जमलेली माणसं गेली, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. मी ती पुडी हातात धरून बसले. ह्यांनी मला सांगितलं होतं, आप्पा कधी आधी बोलायचे नाहीत. आणि तुम्ही बोलला होतात. मी पत्र लिहायला घेतलं. तिळगूळ मिळाला, पण, असं लिहिलं. त्या पणच्या पुढे मला जाता आलं नाही. मग मी तारा गिटारला चढवल्या. ह्यांनीच शिकवलं होतं मला. वाजवलं, घासल्या तशा तुम्हाला धाडल्या. म्हटलं, इतक्या वर्षांनी बापानं हाक मारलीय, कोणीतरी ओ द्यायला हवी.

नरहर : आणि मी ती ओ त्याची समजलो.

शशिकला : तुम्हाला तसं वाटेल हे मला कळलं नाही. मला वाटलं, तुमच्यासारखा माणूस तारा बघताच ओळखेल की हात दुसरा आहे.

नरहर : दिसलं होतं. दुसरा हात आहे हे पहिल्याच खेपेला दिसलं होतं मला. पण बाप झालो ना. मला जे हवं होतं ते मी त्यात वाचलं. तो तिळगूळ कोणी खाल्ला?

शशिकला : मी. टाकवेना. एकटीनं खाल्ला.

नरहर : बरं केलंस. तुझाच होता तो. तू घरची आहेस.

शशिकला : बाळूभावजी येऊन गेले आणि शेजारणीनं सांगितलं, आप्पांनी बोलावलंय, रेडिओत लावतायत, गुरुवारी वाजवून दाखवायचंय. तेव्हा मात्र मला बसवेना. तुम्ही गुरुवारी रेडिओ स्टेशनपाशी वाट बघत उभे राहाल, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

नरहर : त्या साहेबांना काय सांगू मी? की तू वाजवतेस?

शशिकला : ते नंतर बघू, आप्पा. आज नको.

नरहर : एक ऐकशील? आत विश्वासची आई आहे. रत्ना. तिला यातलं काही सांगू नको. शेजाऱ्यांकडे रेडिओवर कुठलीही गिटार वाजली की ती म्हणते, हा आपला विश्वास. बायका हसतात तिला. पण तिचा दिवस गोड जातो. तू आज चहा घे, क्लासातली बाई म्हणून घे, आणि परत जा. तारा पाठवत राहा. मी बनवत राहीन. मी गेल्यावर मग काय व्हायचं ते होवो.

शशिकला : नाही जमायचं मला.

नरहर : मी हात जोडतो, बाळ.

शशिकला : हात नका जोडू. आप्पा, माझं माहेर नाही. ह्यांना ओळखणारी माणसं चाळीतली आणि स्टुडिओतली. ती चार दिवस हळहळली आणि आपापल्या कामाला लागली. स्टुडिओत तर ह्यांच्या खुर्चीवर महिन्याच्या आत दुसरा आला, चांगला वाजवतो. एवढे दिवस मी एकटी रडतेय. ह्यांना लहानपणी काय आवडायचं, आजारी पडले की कसे करायचे, कोणाशी बोलू? ते ज्यांना ठाऊक आहे त्या बाईला मी क्लासातली म्हणून चहा मागू?

नरहर : ती मोडून पडेल.

शशिकला : पडतील. मीही पडले होते. मला उचलायला कोणी नव्हतं. त्यांना आपण दोघं आहोत.

नरहर : ती वर्षभर, नाही, त्याहून जास्त दिवस, त्याच्यासाठी सांडगे घालून ठेवतेय. डब्यावर डबे. येईल तेव्हा नेईल म्हणते.

शशिकला : माहीत नव्हतं मला.

नरहर : तुला कसं माहीत असणार? कोणी कोणाला काही सांगितलंय का या घरात? गावाची खबर ठेवली मी. लाहोरचा माणूस काय करतो ते मला ठाऊक. आणि माझा पोरगा... मला रडू येत नाहीये गं. काय करू, येतच नाहीये.

शशिकला : येईल. मलासुद्धा तारा हातात घेतल्यावर आलं.

रत्नप्रभा (आतून) : अहो, कोण आलंय एवढा वेळ? बाईमाणसाचा आवाज येतोय. चहा टाकू का?

नरहर : रत्ना, तू जरा बाहेर येतेस का?

रत्नप्रभा : माझे हात पिठात आहेत. तिथूनच सांगा ना काय ते. विश्वासकडचं कोणी आहे का?

नरहर : हो, त्याच्याकडचीच आहे. तू हात धुऊन ये. नीट धू. घाई नाही.