यल्लप्पाअण्णांची चक्री

जळफळाट काय असतो ते मला विचारा, चहा होईतो सांगतो.

सन ऐंशीच्या आसपास मी आणि यल्लप्पाअण्णा दर रविवारी केलगेरीच्या तळ्यावर बांबूच्या काठीनं मासे धरायचो. त्यांचा जावई दुबईहून गळाच्या काठीला लावायच्या दोन चक्र्या घेऊन आला. एकीचं रीळ जागचं हलायचं नाही, दोरा आपसूक सुटायचा. दुसरीचं रीळच गरगरायचं, त्याला अंगठ्यानं आवरावं लागायचं.

अण्णा म्हणाले, "तगो, घे, आधी तू निवड."

मी चक्र्या बघितल्याच नाहीत. अण्णा कुठली बघतात ते बघितलं. ते अंगठ्याच्या चक्रीकडं बघत होते, म्हणून मी तीच उचलली.

तीन रविवार मी काठावर बसून दोऱ्याचा गुंता सोडवला. अण्णांनी साध्या चक्रीवर दर वेळी मासा काढला आणि अर्धा माझ्या पिशवीत घातला. तो अर्धा मासा माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

शेवटी म्हणालो, "अण्णा, बदलायची काय?"

"बदल की," म्हणाले. का म्हणूनसुद्धा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी माझा दोरा छान सुटला, मासा मात्र लागला नाही. अण्णांनी त्या गुंता करणाऱ्या रिळावर अलगद अंगठा ठेवला आणि दुपारच्या आत हातभर लांब मरळ मासा काढला. पुन्हा अर्धा मला.

घरी बायको तो चिरता चिरता म्हणाली, "दोन्ही चक्र्या वापरून झाल्या. आता त्यांचे हातच मागून आणा."