नैरोबीत पोचलेली सप्रेम भेट

नैरोबीत घरोघरी माझ्या पुतणीचं नाव आहे. हसू नका, खरं सांगतोय.

नवघरला माझा स्टीलच्या डब्यांचा कारखाना. पुतणीच्या लग्नात द्यायच्या डब्यांवर मशिनने नाव घातलं होतं, 'चि. प्रियाला काकांकडून सप्रेम भेट.' त्यातलाच एक डबा चुकून नैरोबीच्या ग्रेस मॅडमना नमुना म्हणून गेला. या मॅडम घाऊक व्यापारी, तिकडच्या गुजराती शेजाऱ्यांकडून हिंदी नुसती बोलायला शिकलेल्या. मी माफी मागायला फोन केला, तर त्याच म्हणाल्या, "भाईसाब, नक्षी काय सुंदर आहे! सगळ्या मालावर हीच पाहिजे."

मी कशाला समजावतोय? पाठवत राहिलो. अर्धा कारखाना त्याच ऑर्डरवर चालायला लागला.

परवा त्यांचा फोन. "व्हिएतनामवाले हेच डबे स्वस्तात देतायत. नक्षीसुद्धा हीच." फोटो बघितला. आमच्या प्रियाला आता व्हिएतनामहून सप्रेम भेट येत होती, आणि अक्षर माझ्यापेक्षा वळणदार!

मग ती नक्षी नाही, पुतणीच्या लग्नातली अक्षरं आहेत, हे सगळं सांगूनच टाकलं. म्हटलं, "मॅडम, त्यांनी नुसती अक्षरं उचलली. खरा काका मीच आहे."

मॅडम पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "ऑर्डर तुम्हालाच. पण काका, सप्रेम भेटीचे पैसे इतकी वर्षं कसे घेतलेत हो? भाव उतरवा!"

उतरवला. व्हिएतनामवाल्यांच्याही खाली.