रविवारचा हॅरी ब्राउन

(ओहायोतलं केलर्सविल गाव. १९५८चा ऑक्टोबर, रविवारची दुपार. घरामागच्या अंगणात खुर्चीवर एम्लिन प्रॉसर, उजव्या पायाला घोट्यापर्यंत बँडेज. शेजारी पालथ्या बादलीवर त्याचा जुना सोबती ओन्द्रा हुडाक. तो अमेरिकन फुटबॉलच्या एका जुन्या चामडी चेंडूत तोंडाने हवा भरतो आहे.)

ओन्द्रा: बास की आता. गाल फुटतील माझे.

एम्लिन: फुंक, फुंक. अजून पोट कुठे सुटलंय त्याचं?

ओन्द्रा: माझं सुटलंय ते पुरे नाही का? त्यापेक्षा दुकानातून एक नवा कोरा आणला असता.

एम्लिन: त्याला चेंडू म्हणू नकोस. काकडी आहे ती. हातात धरून फेकायला बरी, पण जमिनीवर टाकली की कुठे उडेल ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. टप्प्याच्या किकला हाच लागतो, कलिंगडासारखा. हातातून सोडायचा, टप्पा पडू द्यायचा, आणि वर उठतोय न उठतोय तोच पायावर घ्यायचा. की गेला दोन खांबांच्या मधून.

ओन्द्रा: मला शिकव! चौदा वर्षं मी मधला गडी होतो, एम. वाकून दोन पायांच्या मधून तुझ्याकडे चेंडू मीच फेकायचो. तुला इतकी वर्षं उलटं पाहिलेला माणूस जगात मी एकटा.

एम्लिन: आणि मग त्यांनी चेंडू बारीक केला. फेकणाऱ्या पोरांचं भलं झालं, माझं दुकान बसलं. हाड मोडलं नाही, वय आडवं आलं नाही. चेंडू वाळला म्हणून घरी बसलेला माणूस पाहिलायस कुठे?

ओन्द्रा: रोज बघतो. त्याचीच तंबाखू ओढतो.

एम्लिन: दोरी आवळ, दोरी. येईल ती एवढ्यात.

ओन्द्रा: हे बघ, मला हे पटलेलं नाही, आधीच सांगतो. उद्या सकाळी कोलंबसच्या हॉस्पिटलात तुझा हा पाय कापणार, आणि आज तू त्याच पायाने किक मारणार?

एम्लिन: आजच मारायला हवी ना. उद्या कशाने मारू, कुबडीने?

ओन्द्रा: आणि मिसेस प्रॉसरनी मला विचारलं, तर?

एम्लिन: सांग, हवा भरत होतो.

ओलवेन: कशात हवा भरत होतास, हुडाक?

ओन्द्रा: मेलो! या, मिसेस प्रॉसर. आज चॅपल लवकर सुटलं वाटतं?

ओलवेन: चॅपल सुटलेलं नाही, मीच उठून आले. एम्लिन, जाताना मी हा पाय स्टुलावर ठेवला होता. खाली कसा आला?

एम्लिन: ओलवेन, तू त्या पायरीवर बस. मला तुला एक गोष्ट दाखवायचीय.

ओलवेन: ते काय आहे हातात?

एम्लिन: एकच किक. त्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. एवढ्याशाला काय होतंय?

ओलवेन: एवढ्याशाला? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना तू, का तेव्हाही खांबच बघत होतास? साखरेने बोटं गेली, आता घोटा चाललाय. सूज वर चढली नाही तर गुडघा वाचवू म्हणाले. गुडघा राहिला तर लाकडी पाय बसेल, तू जिना चढशील, हुडाकबरोबर कोपऱ्यापर्यंत जाशील. गुडघा गेला की खाट. आणि तू तो गुडघा एका लाथेवर लावतोयस?

एम्लिन: गुडघा कसला लावतोय! अगं, मी...

ओलवेन: आणि तू, हुडाक! तुझ्या डोक्यात कुणी हवा भरली?

ओन्द्रा: मिसेस प्रॉसर, मी नाहीच म्हणत होतो. देवाशप्पथ. पण तुमचा नवरा एकदा हट्टाला पेटला की... तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही लग्न केलंत, मी फक्त वाकलो.

ओलवेन: दे तो चेंडू इकडे.

एम्लिन: नको ना देऊ, ओन्द्रा.

ओन्द्रा: बघ बाबा, मी दोघांच्या मध्ये नाही. हा घ्या. थंड आहे जरा, मी फुंकलाय तरी.

ओलवेन: केवढा जड आहे हा.

एम्लिन: चिखलात भिजला की याच्या दुप्पट व्हायचा. तू आज पहिल्यांदा हातात घेतलास ना?

ओलवेन: पहिल्यांदाच.

ओन्द्रा: कमाल आहे. अख्ख्या केलर्सविलमध्ये हॅरी ब्राउनची किक न पाहिलेलं माणूस एकच, आणि तेही त्याच्याच घरात!

ओलवेन: ते नाव नको काढूस.

ओन्द्रा: का नको? आता तर तुमचे वडीलही नाहीत रागवायला. त्यांच्या भीतीनेच तर याने ते नाव घेतलं. जावई भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर, बुधवारी चॅपलच्या गायकांत, आणि रविवारी, देवाच्या दिवशी, पैसे घेऊन चेंडू मारतो म्हटल्यावर म्हाताऱ्याने गाव डोक्यावर घेतलं असतं. म्हणून पेपरात छापून यायचं, हॅरी ब्राउन! दर रविवारी सकाळी तुमचे वडील चॅपलच्या व्यासपीठावरून त्या पापी ब्राउनचं नाव घेऊन आग ओकायचे, आणि मग म्हणायचे, आमच्या एम्लिनसारखी सोन्यासारखी पोरं बघा.

एम्लिन: आणि मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवायचो.

ओन्द्रा: सगळं गाव गालातल्या गालात हसायचं. म्हाताऱ्याला तेवढा पत्ता नव्हता.

ओलवेन: त्यांना ठाऊक होतं.

एम्लिन: काय?

ओलवेन: बाबांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मला बोलावून म्हणाले, मी त्याचं खरं नाव घेणार नाही, तू त्या मैदानावर पाऊल ठेवणार नाहीस. मी शब्द दिला.

एम्लिन: हे तू मला आज सांगतेयस?

ओलवेन: तू तरी हॅरी ब्राउनची ओळख कधी करून दिलीस?

ओन्द्रा: मी निघू का? घरी कोबीचं सूप उतू जात असेल.

ओलवेन: बस खाली.

ओन्द्रा: बसलो.

एम्लिन: पण ओलवेन, बाबा सव्वीस साली गेले. मी त्यानंतर सात वर्षं खेळलो. खऱ्या नावाने खेळलो. दर रविवारी वाटायचं, आज येईल. तू नाही आलीस.

ओलवेन: नाही आले.

एम्लिन: मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काहीतरी खरं बोलली असतीस, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. पण आता ऐक. मी काही शिकलेला नाही. भट्टीवर माझ्यासारखे शंभर होते. चॅपलमध्ये माझ्याहून चांगले गाणारे होते. एकच गोष्ट अशी होती, की मी करायला उभा राहिलो की हजार माणसं गप्प व्हायची. ती एक गोष्ट तू पाहिली नाहीस. उद्यापासून ती कुणालाच दिसणार नाही. मग इतकी वर्षं तू कुणाबरोबर संसार केलास गं? भट्टीवरच्या त्या एका माणसाबरोबर? मला फार वाईट वाटतं त्याचं. इथे, आत दुखतं. पायापेक्षा जास्त.

ओलवेन: झालं बोलून?

एम्लिन: झालं.

ओलवेन: आता माझं. रविवारी संध्याकाळी तू घरी यायचास तेव्हा तुझे बूट कोण काढायचं? मी. तुझी नखं काळी पडलेली, नडगीवर दुसऱ्याच्या बुटाचे ठसे. एकदा कान फाटलेला, एकदा तुला माझं नाव आठवेना. तुमच्याच संघातल्या त्या मार्टिन डेव्हीसचं काय झालं? मान मोडून दोन वर्षं पडून होता. मी त्याच्या बायकोला सूप नेऊन द्यायचे. तुला काय वाटलं, बाबांना दिलेल्या शब्दासाठी मी घरी बसले?

एम्लिन: मग?

ओलवेन: मला माझा स्वभाव ठाऊक होता. एकदा, एकदा जरी मी तिथे उभी राहून ती माणसं तुझ्या अंगावर पडताना पाहिली असती, तर पुढच्या रविवारी दाराला कुलूप घालून चावी विहिरीत टाकली असती. तू खेळावंस म्हणून मी पाहिलं नाही, एम्लिन. तू आनंदात असायचास तेव्हा. शनिवारपासूनच शीळ घालायचास.

ओन्द्रा: वाईट शीळ. मलाही आठवते.

एम्लिन: ओन्द्रा, गप्प.

ओलवेन: हुडाक, ते स्टूल सरकव. आणि मला दुसरी खुर्ची आण. एम्लिन, दे पाय इकडे, माझ्या मांडीवर. हळू. आता हा इथून हलायचा नाही. आणि मला सांग.

एम्लिन: काय सांगू?

ओलवेन: ते गावभर सांगतोस ते. न्हाव्याकडे, पोस्टात, माझ्या मागे सगळ्या जगाला सांगितलंस ते. मी खोलीत आले की थांबायचास. आज नको थांबू.

एम्लिन: स्टोनबरोवाली किक?

ओलवेन: मला कुठली ते काय ठाऊक! जी सगळ्यात चांगली, ती.

एम्लिन: पंचवीस साल. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा रविवार. आमच्यासमोर स्टोनबरो, खाणीतली माणसं, एकेक म्हणजे भिंत. पाऊस थांबलेला, पण मैदानाचं पार शेण झालेलं. शेवटची दोन मिनिटं. आम्ही दोन गुणांनी मागे, आणि किकचे तीन मिळायचे. आणि खांब पन्नास यार्डांवर...

ओन्द्रा: अरे अरे! मागच्या वर्षी चाळीस होते.

एम्लिन: चाळीस तर चाळीस.

ओलवेन: खरं सांग. मी पहिल्यांदा ऐकतेय.

एम्लिन: तीस.

ओन्द्रा: अठ्ठावीस. पण वारा तोंडावर होता, नदीकडून. ते मात्र खरं, मिसेस प्रॉसर. अठ्ठावीस म्हणजे त्या दिवशी दुसऱ्या कुणाला वेशीबाहेर वाटलं असतं.

ओलवेन: अंगात काय होतं तुझ्या?

एम्लिन: निळा स्वेटर. तू विणलेला.

ओलवेन: कोपर फाटलेला. सोमवारी रफू केला होता मी तो. हं, पुढे?

एम्लिन: ओन्द्रा वाकला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं, ते चेंडूवर ठिबकत होतं. पंचांनी चेंडू पुसला, पुन्हा ठेवला. मी मागे गेलो. चिखलातल्या चिखलात एक जरा टणक जागा शोधली, टाचेने दाबून पाहिली. टप्पा तिथे पडायला हवा होता. सगळं गप्प झालं. कारखान्याच्या मालकाचं कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

ओलवेन: आणि मी कुठे आहे?

एम्लिन: तू? तू घरी होतीस.

ओलवेन: ते मला ठाऊक आहे. मी विचारतेय, मी आले असते तर कुठे उभी राहिले असते?

एम्लिन: नदीच्या बाजूला दोर बांधलेला असायचा. तिथे बायका उभ्या राहायच्या. बेकरीवाल्या टॅल्बटबाईच्या डाव्या हाताला. तिथे.

ओलवेन: लगेच सांगितलंस.

एम्लिन: कारण मी बघायचो तिकडे. किक मारायच्या आधी एकदा. प्रत्येक वेळी. तिथे दुसरंच कुणीतरी असायचं, कधी एखादी पोरगी, कधी छत्री. तरी बघायचोच.

ओन्द्रा: थांब, थांब. म्हणून उशीर व्हायचा तुला? तिघे जण माझ्या पाठीवर नाचायचे, आणि मला वाटायचं हा वारा बघतोय!

एम्लिन: वारा नाही बघायचो.

ओलवेन: मग आता बघ. आले मी. टॅल्बटबाईला म्हटलं, जरा सरका. थंडी आहे, डोक्याला रुमाल बांधलाय, हात गारठलेत. बाबांना उद्या कळलं तर कळू दे. दिसले का?

एम्लिन: ओलवेन...

ओलवेन: दिसले का ते सांग.

एम्लिन: दिसलीस.

ओलवेन: हुडाक, हा घे चेंडू, आणि वाक.

ओन्द्रा: इथे? या वयात? मिसेस प्रॉसर, मी वाकलो तर सोमवारपर्यंत तसाच राहीन.

ओलवेन: मी करीन सरळ. वाक.

ओन्द्रा: आई गं! हं, वाकलो. एम, तुला पुन्हा उलटं पाहतोय रे मी. म्हातारा दिसतोस. आला हां चेंडू, घे!

एम्लिन: घेतला.

ओन्द्रा: हातात तर बरोबर बसला. अजून सुटत नाही रे तुझ्या हातातून.

एम्लिन: ओलवेन, पाय तर तू धरून ठेवलायस.

ओलवेन: हो, धरलाय. तू मार. मी बघतेय.