अन्नपूर्णाबाईचा पाय

डॉक्टर : चार वर्षांत दोन डॉक्टर, मानेचे तीन फोटो, आणि तिन्ही फोटोंवर 'नॉर्मल' लिहून आलंय. मी यात नवीन काय शोधू, अनुपमाताई?

अनुपमा : दुखते, मॅडम.

डॉक्टर : बोट ठेवून दाखवा.

अनुपमा : इथं. डोक्याचं हाड संपते न, त्याच्या खाली. मंग वर डोळ्यापर्यंत येते. शिलाई मशीनवर बसली का पाव तासात डोकं इतकं जड होते का मानेले पेलवत नाही. मंग हे असे हनुवटीखाली दोन्ही हात देऊन बसून राहते.

अन्नपूर्णाबाई : बसते, हे खरं हाय. मीच म्हटलं तिले एक डाव, कोणी मेलं काय वं, अशी काऊन बसली?

डॉक्टर : तुम्ही कोण यांच्या?

अन्नपूर्णाबाई : सासू. अन्नपूर्णा. भाजीपाला हाय आमचा, मेथी-सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन नांदुऱ्याच्या बाजारात येतो. पोरगा सागर सुरतले कंपनीत हाय. हे आतापर्यंत एकटीच फिरली दवाखान्याइनं. यावक्ती म्हणे, मॅडमनं घरचं माणूस आणाले सांगतलं.

डॉक्टर : मी सगळ्यांनाच सांगते. एकटं आलेलं माणूस दुखणं अर्धंच सांगतं. चक्कर येते?

अनुपमा : खाली पाह्यलं का येते. बोटाइले मुंग्या येतात. सुई हातातून पडते.

अन्नपूर्णाबाई : मले नाही सांगतलं कधी.

अनुपमा : सांगतलं होतं, आई. तुम्ही म्हटलं, रक्त कमी हाय, गूळ-शेंगदाणे खाय.

अन्नपूर्णाबाई : म्हटलं असन. सुनेचं दुखणं सासूच्या कानात उशिरा शिरते, मॅडम.

डॉक्टर : सुरुवात कशी झाली?

अनुपमा : दिवाळीत हे घरी आले होते. गाडीवर मागं बसली होती मी. गतिरोधक दिसला नाही याइले. गाडी उडाली अन् माही मान खटकन मागं गेली. दोन दिवस आखडली होती.

डॉक्टर : दोन दिवस. आणि तिथून चार वर्षं? मध्ये काही घडलं का? पडलात, कोणी मान ओढली, चोळली, झटका दिला?

अनुपमा : नाही.

डॉक्टर : आठवून सांगा. हे आधीच्या डॉक्टरांनीही विचारलं असेल.

अनुपमा : विचारलं होतं. त्याइलेही नाहीच म्हटलं.

डॉक्टर : म्हणून त्यांनी टेन्शन आहे म्हटलं आणि झोपेची गोळी दिली. स्पष्ट बोलते, राग मानू नका. पेशंटनं काही सांगितलंच नाही, तर मान कोणत्या बाजूनं तपासायची हेही मला कळत नाही. मग मीही तीच गोळी लिहीन.

अनुपमा : तीच लिहा मंग.

डॉक्टर : तिनं बरं वाटतं?

अनुपमा : झोप लागते. मंग झोपेत दुखते.

अन्नपूर्णाबाई : मॅडम, पायाळू समजते काय तुमाले?

अनुपमा : आई, राहू द्या.

अन्नपूर्णाबाई : तू गप बस. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. मी हाय पायाळू. कोणाले उसण भरली, कंबर धरली, का लोकं माह्यापाशी येतात. मी पाय लावतो. दर शनिवारी आमची ओसरी भरते. कोणाची सुपारीही घेत नाही मी.

डॉक्टर : पाय लावता म्हणजे नेमकं काय करता?

अन्नपूर्णाबाई : कमरेले टाच लावायची, तीन खेपा, हलक्या हातानं... म्हणजे हलक्या पायानं. कमर सोडून मी कुठं पाय लावत नव्हती. माह्या मायनं मरताना सांगतलं होतं, काहीही कर पोरी, पर मानेवर पाय देऊ नोको.

डॉक्टर : यांच्या मानेवर दिलात?

अन्नपूर्णाबाई : हाव.

डॉक्टर : नीट सांगा.

अन्नपूर्णाबाई : त्या दिवाळीत हिची मान आखडली तं शनिवारच होता. चारपाच जणं बसले होते ओसरीत. हिले पालथी झोपवली, टाच मानेवर ठेवली. पह्यल्या खेपेले काही झालं नाही. तं शेजारची राखी हसत म्हणे, घरच्या सुनेले गुण येत नाही, तं आमाले काय येईन? हसण्यावारी बोल्ली ते, पर मले झोंबलं. दुसऱ्या खेपेले मी अंगाचा भार देला. कटकन वाजलं.

डॉक्टर : मग?

अन्नपूर्णाबाई : मंग हे उठली अन् म्हणे, बरं वाटते. सगळ्याइसमोर म्हणे. इचारा तिले.

डॉक्टर : वाटलं होतं बरं?

अनुपमा : डोळ्यापुढं अंधारी आली होती, मॅडम. पर सगळे माह्याकडे पाहून राह्यले होते. आईही पाहून राह्यल्या होत्या.

डॉक्टर : आणि हे चार वर्षांत एकाही डॉक्टरला सांगितलं नाहीत.

अनुपमा : आपलेच दात अन् आपलेच ओठ. तुम्ही लोकं कागदावर लिहिता. सासूनं मान मोडली, असं लिहून आलं असतं तं तो कागद घेऊन घरी कशी गेली असती मी?

डॉक्टर : मी 'मानेवर दाब' एवढंच लिहिते. आता ऐका. तुमचे तिन्ही फोटो मान सरळ ठेवून काढलेत. सरळ असली की ही मान गुणी पोरीसारखी जागेवर बसते. मला एक फोटो पुढे वाकून हवाय आणि एक मागे वाकून. शेजारच्या खोलीत जा. सहज जमेल तेवढंच वाकायचं. चक्कर आली की थांबायचं. आणि अन्नपूर्णाबाई, तिला कोणी वाकवायचं नाही.

अन्नपूर्णाबाई : मी हात नाही लावत. दारातून पाहतो.

(अर्ध्या तासाने, त्याच खोलीत. भिंतीवरच्या उजेडाच्या काचेत दोन नवे फोटो. अनुपमाच्या गळ्याला पट्टा बांधलाय. अन्नपूर्णाबाईला दोनदा बसा म्हणून झालं, ती बसलेली नाही.)

डॉक्टर : हा सगळ्यात वरचा मणका, हा त्याच्या खालचा. मान मागे असताना दोघं चिकटून आहेत. आता हा पुढे वाकलेला बघा. वरचा सरकलाय. या दोघांना आतून एक पट्टी धरून ठेवते, ती तुमची सैल पडलेली दिसतेय.

अनुपमा : म्हणजे हाय?

डॉक्टर : काय?

अनुपमा : दुखणं. फोटोत हाय न?

डॉक्टर : आहे.

अनुपमा : एक डाव अजून दाखवा, कुठं ते.

डॉक्टर : इथे. ही फट.

अनुपमा : याचा मोबाइलवर फोटो काढू काय, मॅडम? याइले पाठवाचा हाय. हे फोनवर म्हणतात, घरी बसून बसून तुह्या डोक्यावर परिणाम झाला.

अन्नपूर्णाबाई : सागर म्हणते असं?

अनुपमा : तुमच्यासमोर नाही म्हणत.

डॉक्टर : काढा फोटो. सरळ उभ्या राहून काढा, वाकू नका.

अन्नपूर्णाबाई : मॅडम, हे माह्या पायानं झालं?

डॉक्टर : छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. गाडीच्या धक्क्यानं सुरुवात झाली असेल, टाचेनं वाढलं असेल. पाय द्यायला नको होता, हे मात्र नक्की.

अन्नपूर्णाबाई : बरं तं होईन?

डॉक्टर : नागपूरच्या मणक्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. ते आणखी तपासण्या करतील. पट्टा आणि व्यायाम यांवर भागलं तर उत्तम, नाहीतर ऑपरेशन. वेळ लागेल. तोवर डोक्यावर ओझं नाही, मानेला कोणाचा हात नाही. हातापायातली ताकद कमी वाटली किंवा चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अन्नपूर्णाबाई : दुखणं हत्तीच्या पायानं येते अन् मुंगीच्या पायानं जाते.

डॉक्टर : तसंच समजा. बाहेर बाकावर बसा, चिठ्ठी लिहून पाठवते.

अनुपमा : चला, आई. इथं बसा, पंख्याखाली.

अन्नपूर्णाबाई : तू बस. पाठीले टेका दे. पट्टा टोचते काय?

अनुपमा : नाही. कोणी धरून ठेवल्यासारखं वाटते. चार वर्षांत पह्यल्यांदा हात रिकामे हायेत माहे.

अन्नपूर्णाबाई : तुह्या नावानं मी किती माना दाबल्या, ठाऊक हाय तुले?

अनुपमा : हाय.

अन्नपूर्णाबाई : जानरावची दाबली. भाऊरावच्या मायची दाबली, ते तं किती म्हातारी. दर खेपेले सांगत होती मी, माह्या सुनेची मान एका दमात बसली, पाहा, ते बसली मशीनवर. अन् तू तिथंच राहे.

अनुपमा : हाव. तिथंच राहो.

अन्नपूर्णाबाई : मशीन थांबवे तू तेव्हा. मले वाटे, सासूचं कौतुक ऐकून राह्यली.

अनुपमा : बोटाइले मुंग्या आलेल्या राहत.

अन्नपूर्णाबाई : उद्या एकेकाच्या घरी जातो. जानरावकडे पह्यले. सांगतो, बाबा, मान दाखवून घे डॉक्टरले, माहं चुकलं.

अनुपमा : लोकं काय म्हणतीन, आई?

अन्नपूर्णाबाई : म्हणतीन तं म्हणतीन. ओसरी रिकामी होईन, दुसरं काय? ते कमरेसाठी येत अन् मले वाटे, माह्यासाठी येतात. सागरचा बाप गेल्यावर शनिवार सोडून कोण आलं वं आपल्या घरी?

अनुपमा : कोणी नाही.

अन्नपूर्णाबाई : तू मले सांगाले पाह्यजे होतं. लोकाइले नोको, डॉक्टरले नोको, मले एकटीले. चुलीपाशी, वावरात, कुठंही. शिव्या देल्या असत्या मी तुले. दोन दिवस भांडली असती. पर सांगाले पाह्यजे होतं.

अनुपमा : शिव्याइले नाही भेली मी.

अन्नपूर्णाबाई : मंग काह्यले भेली?

अनुपमा : हे सहा-सहा महिने येत नाहीत. घरात तुम्ही अन् मी. तुम्ही बोलणं सोडलं असतं, तं मी कोणासंग बोलली असती?