दिव्याची शेड, माझ्या मापाची

...हसा, हसून घ्या! पण दिव्याची शेड डोक्यात घालून बघितल्याशिवाय मापाची आहे का हे कळणार कसं? अहो दुकानदार, ती निळी द्या बरं... ही कानाला लागते.

तुम्हाला सांगतो, आमच्या कुत्र्याचं नाव पैलवान. आणि पैलवानाला जखम कशी झाली? फुग्याशी झुंजताना! फुगा फुटला, पैलवान घाबरून मागे उडाले ते थेट कुंडीवर, कुंडीचे तुकडे आणि पंजा कापलेला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किरकोळ आहे हो, पण चाटू देऊ नका. टाके ओढले तर पुन्हा भूल, पुन्हा टाके." पुन्हा भूल? पहिल्यांदा भूल दिली तेव्हा जीभ एका बाजूला लोंबत होती हो त्याची... मी बाहेर बाकावर बसून रडत होतो. हो, रडत होतो, लाज कसली त्यात?

बायको नेमकी बहिणीकडे. फोनवर काय म्हणते? "तुमच्याच्यानं नाही व्हायचं! निवडुंग वाळवलात तुम्ही, निवडुंग!" अहो, एकदाच वाळला! पण मीही इरेला पेटलो. म्हटलं, बघच तू!

तर, जखम चाटू नये म्हणून बाईंनी त्याच्या गळ्यात प्लास्टिकचा भोंगा अडकवला होता, मोठ्या नरसाळ्यासारखा. झालं! पैलवानाचा पुतळा! हलेना, जेवेना, भिंतीकडे तोंड करून उभा! चिकन दिलं, नाही. लोण्यात गोळी दिली, लोणी चाटलं, गोळी माझ्या चपलेवर! भोंगा काढावा तर जीभ थेट पंजावर, घालावा तर उपोषण. पोट पार खपाटीला गेलं त्याचं. शेवटी मी वैतागून ओरडलो, "अरे, एवढं काय त्यात? हे बघ, मीही घालतो!" आणि हॉलमधल्या दिव्याची शेड काढून घातली की डोक्यात! झालरवाली. बायकोच्या आवडीची.

पैलवानानं वळून बघितलं. शेपटी हलली. आणि गपकन वाटीत तोंड! गोळीसकट!

मग काय, त्याचं जेवण म्हणजे माझी शेड. वरच्या मजल्यावरचे काका दारात आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे लाइट गेलीय का?" पण शेड काढली नाही! ऑफिसची मीटिंग सुरू, साहेब म्हणाले, "तुम्ही कॅमेरा बंद ठेवलात तरी चालेल हं." पण शेड काढली नाही! झालर नाकात जाऊन शिंका आल्या, त्याच्या वाटीतलं पाणी माझ्या तोंडावर उडालं... पण शेड? नाही म्हणजे नाही काढली!

आणि काल! डॉक्टरीणबाईंनी पंजा उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "एकही टाका हललेला नाही! कुणी केलं हो एवढं?" मी म्हटलं, "मी!" अशी छाती फुगली म्हणून सांगू! टाके निघाले, भोंगा निघाला, पैलवान चारी पायांवर नाचत घरी! बायकोही तेवढ्यात आली, त्याचा पंजा हातात घेऊन बघत बसली, डोळे भरले तिचे. म्हणाली, "जमलं की हो तुम्हाला!" अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं मी! जिंकलो! मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "त्यात काय एवढं."

मग तिनं वर बघितलं. दिव्याकडे. "माझी शेड कुठाय?"

ती धुतली, झटकली, दिव्यावर चढवली. म्हटलं, संपलं बाबा एकदाचं. पैलवानापुढे वाटी ठेवली... तो जेवेना! भोंगा नाही, जखम नाही, तरी भिंतीकडे तोंड! मग दिव्याखाली जाऊन बसला आणि एकदा शेडकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. बायको म्हणाली, "माझ्या शेडला हात लावायचा नाही. तुमची तुम्ही आणा."

हां, ही निळी बसली बघा. मान वळते, शिंकही येत नाही. नाही नाही, बांधू नका, घालूनच जातो... त्याच्या जेवणाची वेळ झालीय.